रिकाम्या डब्याचा प्रश्न

अन्नाविषयी आपण मराठी माणसे बोलतो पुष्कळ, पण विचार बेताचाच करतो. आपले बोलणे चालते ते चवीविषयी. अनारसा तुपात हसला की जमला, चकलीला काटा आला की नाही, रव्याच्या लाडवाचा पाक एकतारी राहिला की पुढे गेला, या प्रश्नांवर दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर ज्या परिषदा भरतात त्यांच्यापुढे साहित्य संमेलनेही फिकी पडावीत. परंतु या सगळ्या प्रश्नांच्या मागे एक जुना आणि अवघड प्रश्न दडून बसलेला असतो, आणि त्याच्याकडे सहसा कोणी वळत नाही. तो प्रश्न असा : रांधलेले अन्न कुणाचे? ज्याच्या पैशाने धान्य घरात आले त्याचे? ज्याच्या नावाने पान मांडले त्याचे? ज्याला त्याची चव कळली त्याचे? की जिने ते रांधले तिचे?

वाचक म्हणतील, सणासुदीच्या दिवसांत हा कसला वकिली कीस काढता? अन्न ज्याच्या पोटात गेले त्याचे, संपले! व्यवहारापुरते हे उत्तर पुरेसे आहे, हे मलाही मान्य आहे. पण एका चित्रपटाने हा प्रश्न माझ्या मनात असा काही रोवून ठेवला आहे की हे सोपे उत्तर तेव्हापासून माझ्या गळी उतरत नाही. तो चित्रपट म्हणजे रितेश बत्रा यांचा २०१३ सालचा ‘द लंचबॉक्स’. कान येथील महोत्सवातील समीक्षक सप्ताहात तो प्रथम दाखवला गेला, तेथे त्याने प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो आपल्याकडे आला. लोक त्याला प्रेमकथा म्हणतात. ती प्रेमकथा आहेच, पण तिच्यातील नायक आणि नायिका एकमेकांशी समोरासमोर एक शब्दही बोलत नाहीत. त्यांच्यामध्ये जे काही घडते ते सारे एका पुडांच्या डब्यात घडते.

कथानक थोडक्यात सांगतो. इला ही मुंबईतील एक तरुण गृहिणी. नवरा आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे, स्वयंपाकघर आहे. नाही ते एवढेच की नवऱ्याचे तिच्याकडे लक्ष नाही. वरच्या मजल्यावर देशपांडे नावाच्या एक बाई राहतात. त्या आपल्याला पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. ऐकू येतो तो भारती आचरेकरांचा आवाज, आणि दिसते ती खिडकीतून दोरीने खाली येणारी मसाल्याची टोपली. या बाईंचा सल्ला असा, की नवे काही रुचकर करून पाठव, नवरा आपोआप वळेल. इला मन लावून डबा भरते. डबेवाला तो नेतो, आणि तो पोहोचतो भलत्याच माणसाच्या टेबलावर. हा माणूस म्हणजे साजन फर्नांडिस : विधुर, अबोल, पस्तीस वर्षे एका सरकारी कचेरीत दाव्यांचे कागद तपासून आता निवृत्तीला टेकलेला. तो रोज एका खानावळीचा डबा खात असे. त्या दिवशी त्याने डबा उघडला, वास घेतला, आणि सगळे पूड चाटूनपुसून रिकामे करून परत पाठवले.

रिकामा डबा पाहून इला हरखून गेली. संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिने आडून आडून विचारले. तो म्हणाला, डबा बरा होता, फुलकोबी-बटाट्याची भाजी छान झाली होती. तिने त्या दिवशी फुलकोबी केलीच नव्हती. त्या एका वाक्यात तिला दोन गोष्टी कळल्या : डबा चुकीच्या ठिकाणी गेला, आणि योग्य ठिकाणी गेला असता तरी तो तिथे पोहोचला नसता.

मला वाटते, साऱ्या चित्रपटाचे मर्म या दुसऱ्या गोष्टीत आहे. डबेवाल्यांचा धंदा मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला. मावळ, खेड, जुन्नर या भागांतील वारकरी वळणाची माणसे त्यात पिढ्यान् पिढ्या राबली. सकाळी घरून डबा उचलायचा, उपनगरातल्या स्टेशनवर त्याची वाटणी करायची, लगेजच्या डब्यातून तो शहरात आणायचा, तिथे पुन्हा वाटणी, मग डोक्यावरच्या लाकडी चौकटीतून किंवा हातगाडीवरून कचेरी गाठायची. आणि दुपारी हाच सारा प्रवास उलटा करायचा. झाकणावरच्या चार खुणा आणि आकडे वाचून हे सगळे चाले. कोणते स्टेशन, कोणती इमारत, कोणता मजला, एवढे त्यांतून कळले की झाले. २०२० च्या महामारीने या धंद्याचे कंबरडे मोडले. पण त्यापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोहोचवीत असत. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स २००३ साली त्यांना भेटून गेले आणि हार्वर्डच्या व्यवसायशाळेने २०१० साली त्यांच्यावर अभ्यास लिहिला. चित्रपटातला डबेवालाही इलाला हेच ऐकवतो : हार्वर्डचे लोक येऊन गेले, इंग्लंडचा राजा येऊन गेला, आमची चूक होणे शक्य नाही!

आणि एका अर्थाने त्याचे म्हणणे खरेच आहे. झाकणावरची खूण पत्ता सांगते. झाकणाखाली काय आहे ते ती सांगू शकत नाही. समजा, तो डबा बरोबर तिच्या नवऱ्याकडे गेला असता. त्याने तो एका हाताने खाल्ला असता, दुसऱ्या हाताने कागद चाळले असते, आणि संध्याकाळी डबा बरा होता असे सांगितले असते. हिशेबाच्या वहीत ती एक बिनचूक फेरी म्हणून नोंदली गेली असती. जगातली किती तरी माया अशी रोज बिनचूक पत्त्यावर जाते आणि तरीही पोहोचत नाही! तेव्हा ज्याच्या नावाने पान मांडले त्याचे अन्न, या उत्तरात काही तरी उणे आहे. नाव हा हक्काचा पुरावा असू शकेल, स्वीकाराचा नव्हे.

मग ज्याचा पैसा त्याचे, असे म्हणावे काय? याचा निवाडा आपल्याकडे फार पूर्वीच झालेला आहे. उद्योगपर्वात श्रीकृष्ण शिष्टाई करायला हस्तिनापुरात येतो. दुर्योधन मोठ्या थाटाची मेजवानी सिद्ध करतो. कृष्ण ती नाकारतो आणि जेवायला विदुराच्या घरी जातो. नकाराचे कारण तो स्वच्छ सांगतो. त्याचा आशय असा, की दुसऱ्याचे अन्न दोनच परिस्थितींत खावे, प्रीती असेल तर किंवा आपत्ती असेल तर. तुझी माझ्यावर प्रीती नाही आणि मी आपत्तीत नाही. मला हे उत्तर नेहमीच विलक्षण वाटत आले आहे, कारण त्यात पक्वान्नांविषयी एक अक्षर नाही. दुर्योधनाचे धान्य, त्याचे आचारी, त्याचे चांदीचे ताट, या सगळ्यांची किंमत कृष्णाच्या लेखी शून्य आहे. आणि प्रीतीच्या जोडीला त्याने भूक ठेवली आहे, हेही विसरू नये. नुसत्या भुकेलाही अन्नावर हक्क आहे. नुसत्या मालकीला नाही.

या दृष्टीने पाहिले तर फर्नांडिस दोन्ही कसोट्यांना उतरतो. तो आपद्ग्रस्त आहे : बायको गेल्यानंतर त्याच्या घरात कोणी त्याच्यासाठी काही रांधलेले नाही. आणि पुढे प्रीतीही येते. पण ती कशी येते ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशी इला पोळ्यांमध्ये एक चिठ्ठी ठेवते. त्यावर या गृहस्थाचे पहिले उत्तर काय? आज जेवण खारट झाले होते! ना आभार, ना स्तुती. चित्रपटगृहात या ठिकाणी लोक हसतात. मीही हसलो; पण हसता हसता असेही वाटले, की नवऱ्याच्या त्या गुळमुळीत ‘बरे होते’पेक्षा ही तक्रार शतपटीने आदराची आहे. खारट आहे हे कळायला मीठ जिभेवर यावे लागते. आणि ते मीठ कोणाच्या तरी चिमटीतून आले आहे, याचे भान आल्याशिवाय माणूस ते कागदावर लिहून कळवीत नाही. इलाही काही साधी नाही. दुसऱ्या डब्यात ती तिखटाचा असा मारा करते की त्याला केळी खाऊन आग विझवावी लागते. संवाद म्हणतात तो याला.

इथे एका मोहाला आवर घातला पाहिजे. स्वयंपाक आणि प्रेम यांची सांगड घालणाऱ्या कथा गोड असतात, आणि तो गोडवाच पुष्कळदा फसवा असतो. चांगले रांधले की प्रेम मिळते, असा धडा त्यांतून हळूच दिला जातो. मग प्रेम मिळाले नाही तर काय समजायचे? फोडणी चुकली असे? ‘लंचबॉक्स’ची सुरुवात देशपांडेबाईंच्या याच विश्वासापासून होते, पण चित्रपट तेथे थांबत नाही. या बाईंचे स्वतःचे यजमान पंधरा वर्षे शुद्धीवर नाहीत. छतावरच्या पंख्याकडे टक लावून अंथरुणावर पडून आहेत, आणि बाई त्यांची सेवा करीत आहेत. याहून धीट प्रसंग तर पुढेच आहे. इलाचे वडील दीर्घ आजाराने जातात. लिलेट दुबे यांनी केलेली तिची आई प्रेताशेजारच्या खोलीत बसून मुलीला सांगते, की हे गेल्यावर माझे काय होईल याची मला सतत भीती वाटत असे. आणि आता मला फक्त भूक लागली आहे. मग ती सांगते, की न्याहारी, औषध, अंघोळ आणि पुन्हा न्याहारी, औषध, अंघोळ या फेऱ्यात तिला त्यांची किळस येऊ लागली होती.

हे वाक्य ऐकून प्रेक्षागृहात कोणी हसले नाही. मला वाटते, पुष्कळांना त्या क्षणी आपापल्या घरातली कोणी तरी आठवली असेल. मला आमची आत्या आठवली. ती सगळ्यांचे झाल्यावर जेवायची. घरातल्या प्रत्येकाची आवड तिला पाठ : कोणाला भाकरीचा पापुद्रा हवा, कोणाला ताकाला जिरे हवे, कोणाला कारले चालत नाही. एकदा शेजारच्या बाईंनी तिला सहज विचारले, “वन्सं, तुम्हाला हो कोणती भाजी आवडते?” आत्या जराशी गोंधळली आणि म्हणाली, “जी उरेल ती.” ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही, म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिले. चाळीस वर्षे त्या चुलीपुढे बसून तिला स्वतःची अशी एकही भाजी उरली नव्हती.

भारत सरकारने २०१९ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि तेच काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. त्यात चूल आली, झाडलोट आली, धुणेभांडी आली. आकड्यांनी माणसाचे मन मोजता येत नाही हे खरे. पण पाच तासांना एक मिनिट कमी, एवढ्या कामाला नुसते ‘प्रेम’ असे नाव देऊन मोकळे होणे हा प्रेमाचाही अपमान आहे. प्रेम हे कामाचे कारण असू शकते. ते कामाची किंमत चुकती केल्याची पावती होऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग घराची खानावळ करायची काय? पण खानावळीला एवढे हिणवायचे कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून राहत, आणि त्यांना दोन वेळ जेवू घालत त्या तिथल्या खाणावळवाल्या बाया. सावकारी कर्जाखाली पिचलेल्या या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणले आणि बँकांची कर्जे मिळवून दिली. त्या बाया पैसे घेऊन जेवण घालीत, म्हणून त्यांच्या आमटीत माया कमी होती असे म्हणायला माझी जीभ धजणार नाही. पैसा हेही एक उत्तरच आहे. ज्याने खाल्ले त्याने महिन्याच्या महिन्याला कबूल केले, की हे आभाळातून पडलेले नाही, एका बाईने पहाटे उठून केलेले आहे. घरात पैसे मोजले जात नाहीत. तेव्हा तिथे निराळ्या उत्तराची गरज अधिक असते, कमी नव्हे.

आमच्याकडे आईचे का कोणी आभार मानते, असाही एक आक्षेप आहे, आणि तो मला अगदीच पोकळ वाटत नाही. उठल्याबसल्या आभार मानण्याने घरात एक प्रकारचा परकेपणा येतो. पण मी आभारांविषयी बोलतच नाही. आपल्या चालीरीतींत याची सोय निराळ्या रीतीने केलेली आहे. शेजाऱ्याकडून फराळाचे ताट आले तर ते रिकामे परत करू नये, असे आपल्या आयाआज्यांनी शिकवले. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर, एखादा गुळाचा खडा तरी त्यात घालावा. तो गुळाचा खडा म्हणजे आभार नव्हेत, परतफेडही नव्हे. चिरोट्यांची फेड गुळाच्या खड्याने कशी होणार? तो फक्त एवढेच सांगतो, की तुमचे ताट इथे पोहोचले आणि ते कोणी तरी पाहिले. जेवणाच्या शेवटी आपण ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो, तेही असेच उत्तर आहे. फक्त ते म्हणताना आपली नजर बहुधा यजमानाकडे असते. स्वयंपाकघराच्या दाराकडे ती अधूनमधून वळली, तर मंत्राला काही बाध येणार नाही.

चित्रपटातही रिकामा डबा दोनदा येतो. पहिल्यांदा तो फर्नांडिसकडून इलाकडे येतो आणि तिचे मन भरून जाते. पुढे दोघांचे एका हॉटेलात भेटायचे ठरते. ती वाट पाहत बसते, आणि तो समोर येत नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याला डबा पाठवते तो साफ रिकामा. त्यात एक घास नाही, एक ओळ नाही. त्या उघड्या पुडांइतका बोलका कानउघाडणीचा शब्द मला तरी ठाऊक नाही. एकच रिकामी वस्तू. उत्तर मिळाले तेव्हा ती तृप्ती झाली आणि उत्तर चुकवले तेव्हा दूषण.

पण फर्नांडिस हॉटेलात गेला होता. त्याने तिला दुरून पाहिले होते. ती तरुण होती, सुंदर होती. आणि त्याच दिवशी सकाळी त्याला आपल्या न्हाणीघरात आपल्या आजोबांच्या वेळचा वास आला होता, म्हातारपणाचा. तो न भेटता परतला आणि मग तिला खरे काय ते लिहून कळवले. इरफान खान आज आपल्यात नाहीत, २०२० साली ते गेले. पण दूरच्या टेबलावरून नुसते पाहत बसलेला त्यांचा तो चेहरा विसरणे कठीण आहे. ज्याला चव कळली त्याचे अन्न, हे उत्तर आपल्याला मनापासून आवडते. कथेचा ओढाही तिकडेच आहे. तथापि फर्नांडिसचे वागणे त्या उत्तरालाही मर्यादा घालते. चव कळली म्हणून रांधणारी आपली होत नाही. तिचे दुःख आपण ओळखले, एवढ्यावर तिच्या आयुष्याचा सातबारा आपल्या नावावर चढत नाही. पुढे ती काय करते, तो काय करतो, हे दिग्दर्शकाने उघडेच ठेवले आहे. पुष्कळांना ही हुरहुर सोसत नाही. मला वाटते, तो शेवट बांधून टाकला असता तर इला एका माणसाच्या ताटातून उठून दुसऱ्याच्या ताटात पडली असती, एवढेच झाले असते.

आणखी एक माणूस या कथेत आहे, त्याला विसरून चालणार नाही. नवाजुद्दीन सिद्दिकी यांनी रंगवलेला शेख. अनाथ, बडबड्या, फर्नांडिसच्या जागी नेमलेला. बोलताना तो नेहमी ‘माझी आई म्हणायची’ असे म्हणतो; तू तर अनाथ ना, असे विचारले तर सांगतो, की आईचे नाव घेतले म्हणजे बोलण्याला वजन येते! हा शेख लोकलमध्ये बसून कचेरीच्या कागदांवर भाजी चिरतो, म्हणजे घरी पोहोचल्यावर रांधायला उशीर नको. त्याच्या फायलींना भाज्यांचा वास येतो. ज्याला रांधून घालणारे कोणी नव्हते तो आपल्या माणसासाठी रांधतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. चुलीपुढची जागा जन्माने ठरत नाही, हे पटवायला मला याहून चांगला युक्तिवाद सुचत नाही.

तेव्हा रांधलेले अन्न कुणाचे? माझे उत्तर मी मांडतो. वाचकांनी ते चाखून पाहावे आणि मीठ कमी वाटल्यास तसे सांगावे. रांधलेले अन्न ही मालमत्ताच नव्हे. तो एक प्रश्न असतो, रांधणाऱ्याने खाणाऱ्याला विचारलेला : मी इथे आहे, हे तुम्हाला कळते आहे ना? पैसा, नाते, झाकणावरचे नाव, या गोष्टींनी तो प्रश्न आपल्यापर्यंत येतो. पण त्याचे उत्तर त्यांतली एकही गोष्ट आपल्यातर्फे देऊ शकत नाही. ते आपले आपल्यालाच द्यावे लागते, आणि दिल्यावरही विचारणारी स्वतंत्रच राहते.

आता दिवाळी दारात आहे. डबे भरतील, ताटे इकडून तिकडे जातील. चकली तोंडात टाकताना ती कडक आहे की खुसखुशीत, मोहन बेताचे पडले की जास्त, हे अवश्य बोलावे, आणि जिने किंवा ज्याने ती तळली त्याच्या तोंडावर बोलावे. मग तळणाऱ्याला विचारावे, की तुम्हाला स्वतःला काय आवडते? उत्तर यायला थोडा वेळ लागेल. घाई करू नये; थांबावे.